झुकिनीला युरिया नको, मधमाशी हवी

मा. संपादक,

आपल्याकडच्या रोपवाटिकांत मिरची-टोमॅटोच्या शेजारी आता झुकिनीचीही (भोपळ्याच्या कुळातली, काकडीसारखी दिसणारी फळभाजी) रोपे दिसू लागली आहेत. पाठोपाठ तक्रारही ठरलेली: फुले भरपूर येतात, पण फळ बोटाएवढे झाले की पिवळे पडून गळते. मग कोणीतरी चमचाभर युरिया टाकायला सांगतो. त्याने पाने सुपाएवढी होतात, फळ काही धरत नाही.

गळण्याचे कारण बहुतेक वेळा परागीभवन हेच असते. झुकिनीत नर आणि मादी फुले वेगळी. नर फूल बारीक, लांब देठावर येते. मादी फुलामागे करंगळीएवढी इवलीशी झुकिनी दिसते. सुरुवातीला आठ-दहा दिवस बहुधा नरच उमलतात, ती गळाली तर घाबरायचे कारण नाही. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत मधमाशी फिरकत नसेल, तर हे काम आपणच करावे. फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते, म्हणून सकाळी नऊच्या आत ताजे नर फूल तोडून पाकळ्या काढाव्यात आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवावा. बोटाला पिवळी पूड लागली तर पराग तयार आहे असे समजावे. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरते. कोणतीही फवारणी संध्याकाळीच करावी. सकाळी केली तर असलेल्या माश्याही जातात.

दुसरी चूक कुंडीची. वीस लिटरची रंगाची बादली म्हणजे अगदी किमान, अठरा इंची ग्रो बॅग उत्तम, आणि एका बॅगेत एकच झाड. दोन घमेली पोयटा माती, एक घमेले कुजलेले शेणखत, एक घमेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि दोन मुठी निंबोळी पेंड एवढे मिश्रण पुरते. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, तिथे वीतभर उंच गादीवाफा करून अडीच-तीन फुटांवर एकेक झाड ठेवावे. वर उसाच्या पाचटाचे आच्छादन टाकावे. आपल्या भागात ते फुकटच मिळते. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नये. संध्याकाळी ती आपोआप सावरली नाहीत, तरच मुळाशी द्यावे. पाणी कधी भरपूर तर कधी अजिबात नाही असे झाले की वाढलेल्या फळाचे टोक काळे पडून सडते.

पानावरच्या चंदेरी ठिपक्यांना भुरी हा बुरशीचा रोग समजून फवारे मारणारेही पुष्कळ. ठिपके शिरांच्या कडेने असतील आणि बोटाने पुसले जात नसतील, तर तो वाणाचाच गुण. पुसली जाणारी पांढरी पूड म्हणजे भुरी. त्यावर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम फवारावे, मात्र कडक उन्हात नाही आणि निंबोळी तेलानंतर दोन आठवडे तरी नाही. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या वासाच्या आमिषाचा) सापळा लावावा. डंखलेली फळे खताच्या खड्ड्यात न टाकता फूटभर खोल पुरावीत.

परतीचा पाऊस थांबल्यावर पेरलेले बी साधारण पन्नास दिवसांत फळ देते. सहा ते आठ इंचांवर देठासकट चाकूने कापावे. एक जरी फळ दुधीएवढे होऊ दिले, तरी झाड पुढची फळे धरायची थांबते. चवीला कडू लागलेली झुकिनी शिजवू नये, टाकूनच द्यावी.

रोपवाटिकाचालकांना एक विनंती. पिशवीत मुळे गुंडाळलेली, फुलावर आलेली रोपे विकू नका. झुकिनीला मुळे दुखावलेली चालत नाहीत, दोन-तीन पानांचे रोपच नीट लागते. त्यापेक्षा बीच द्या आणि सोबत एवढे सांगा: पाऊण इंच खोल दोन बिया टोकायच्या, उगवल्यावर जोमदार रोप ठेवून दुसरे कात्रीने कापायचे, उपटायचे नाही.

– एक परसबागप्रेमी वाचक, कराड (जि. सातारा)