‘लास्ट स्टेज’ छापण्याआधी

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मेसोथेलिओमावर, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरवर आलेला लेख वाचला. बरा होता, पण ‘पेशंट लास्ट स्टेजलाच येतात’ एवढं लिहून विषय उरकलाय, ती स्टेज ठरते कशी याबद्दल अवाक्षर नाही. आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय म्हणून लिहितेय, लांबलं तर कात्री लावा.

माझे मामा गोदीत लॅगिंगच्या कामाला होते. जहाजातल्या पाइपांवर ॲस्बेस्टॉस गुंडाळायचं (हा कॅन्सर बहुतेकदा त्याच्याच धुळीने होतो), दिवसभर अंगावर पांढरी भुकटी, आणि ते कपडे घरी मामी धुवायची (तिचा पण एक्सरे काढून घेतला नंतर, सुदैवाने क्लिअर). काम सुटून तीस वर्षं झाल्यावर दम लागायला लागला, छातीतून दीड लिटर पाणी काढलं. आपल्याकडे छातीत पाणी म्हणजे आधी टीबी, त्यात चूक पण नाही म्हणा, बहुतेकदा टीबीच असतो, पण पाण्यात जंतू सापडला नाही तरी सहा महिने एकेटीच्या, म्हणजे टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. आधी कसलं काम करायचात हे एकानेही विचारलं नाही.

शेवटी ज्या सर्जनकडे गेलो त्यांनी टेबलावरची मेडिकलची पिशवी थोडी फुगवून तोंड बांधलं आणि त्यात बाहेरून मूठ दाबली. मूठ म्हणजे फुफ्फुस, तिला चिकटलेला पापुद्रा आतला थर, बाहेरचा बरगड्यांना लागून, पाणी साठतं ते दोघांच्या मध्ये. हा कॅन्सर गोळा करून बसत नाही, दुधावर साय धरावी तसा पसरतो. म्हणून गाठ किती सेंटीमीटरची हा हिशोब इथे चालत नाही. साय कुठवर पोचली ते बघायचं: फक्त आवरणावर, का फुफ्फुसात, डायफ्रामच्या (छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या) स्नायूत, का आरपार पोटात, याला म्हणतात टी. एन म्हणजे लिम्फ नोडमध्ये (अवधाणाच्या गाठींत) गेलाय का, एम म्हणजे लांबच्या अवयवात गेलाय का. तिन्ही जुळवून स्टेज. आता नवीन पद्धतीत सीटीवर आवरणाची जाडी तीन ठिकाणी मिलिमीटरमध्ये मोजून बेरीज पण करतात, मामांच्या वेळी ते नव्हतं.

मामांच्या सीटीवरून स्टेज १ बी वाटत होती. पेट स्कॅनमध्ये छातीच्या मधला एक लिम्फ नोड पेटला, म्हणजे कॅन्सरसारखा चमकला, आम्ही हबकलो, पण जुन्या टीबीची गाठ पण पेटते म्हणे, म्हणून श्वासनळीतून दुर्बीण घालून सुईने तुकडा घेतला. कॅन्सर नाही निघाला. मग मोठ्या ऑपरेशनआधी पोटातून कॅमेरा घातला तर डायफ्रामच्या खालच्या अंगाला साबुदाण्याएवढे पांढरे दाणे, स्कॅनमध्ये ते कुठेच दिसले नव्हते. बायोप्सी पॉझिटिव्ह, म्हणजे साय आरपार पोटात, म्हणजे टी ४, म्हणजे स्टेज ३ बी, ऑपरेशन कॅन्सल. आठ दिवसांत १ ची ३ झाली ती रोग वाढून नाही, नीट बघितलं म्हणून.

आणि नातेवाईक लगेच ‘लास्ट स्टेज’. मामा चिडायचे, म्हणायचे मी तिसरी ब तुकडीत आहे, मला उगाच चौथीत ढकलू नका. खरंच आहे, चौथी तेव्हाच जेव्हा एम लागतो. शिवाय पेशी कुठल्या प्रकारच्या ते स्टेजमध्ये येतच नाही. मामांच्या एपिथेलिऑइड होत्या, त्यातल्या त्यात बऱ्या, सार्कोमॅटॉइड असत्या तर त्याच ३ बीला डॉक्टर वेगळंच बोलले असते. केमोवर मामा १९ महिने काढून गेले, त्यात नातीचं लग्न झालं.

पोटाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमाचं तर गणितच वेगळं, पोटाचे १३ भाग करून प्रत्येकाला ० ते ३ मार्क, जास्तीत जास्त ३९. तुमच्या लेखात दोन्ही एकाच वाक्यात कोंबलेत.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा कुठली स्टेज, ती नुसत्या स्कॅनवरून की कॅमेरा घालून, आणि पेशी कुठल्या, एवढं डॉक्टरांना विचारून छापा. आणि वाचकांना सांगा की छातीत पाणी झालं तर जुनं काम काय होतं ते डॉक्टरांनी नाही विचारलं तरी आपणहून सांगायचं, ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याच्या कारखान्यात, गोदीत, बॉयलरवर, कितीही वर्षांपूर्वीचं असो.

एक वाचक, डोंबिवली