वहीतला आकडा

पुणे, शनिवार, ४ मे २०२४

प्रिय नंदे,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले आणि नंतर इतके महिने लोटले की नुसते उत्तर पाठवण्याचीही लाज वाटू लागली. आजही मी उत्तर देत नाही. माझीच एक गोष्ट तुझ्या पदरात टाकायला बसले आहे. फोन केला असता, तर दुसऱ्याच वाक्याला "म्हणजे परत तेच केलंस तू" असे म्हणून तू मला अडवले असतेस आणि मग आपण दोघी मूळ मुद्दा सोडून साताऱ्याच्या एसटीत जाऊन बसलो असतो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, एवढाच या पत्रामागचा स्वार्थ. प्रकृती ठीक आहे. टाच दुखते, साखर काठावर आहे, आणि डॉक्टर रोज चालायला सांगतात, जणू लग्नसराईत मी पालखीतून फिरते.

मी आयोजन केलेले २८ एप्रिलचे लग्न पार पडले. मुलगी कर्वे रस्त्यावरची, एकुलती एक. मुलगा परभणीचा, नोकरीला हिंजवडीत. यंदा पंचांगाने आम्हा सगळ्यांचीच कोंडी केली होती. मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र या दोघांचाही अस्त, त्यामुळे एरवी उन्हाळाभर पसरणारी लग्ने एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत येऊन कोंबली गेली. एकेका आचाऱ्याकडे तीन-तीन मांडव, गुरुजी एका मुहूर्तावरून उठून दुसऱ्याकडे स्कूटरने निघालेले, आणि पारा चाळीस अंशांच्या वर. त्यात लोकसभेची आचारसंहिता. पन्नास हजारांपेक्षा जास्त रोख जवळ बाळगायची तर हिशेब दाखवावा लागे, आणि आपले फूलवाले अजूनही नोटा पाहिल्याशिवाय टोपली उचलू देत नाहीत. माझ्या हाताखालचा पिंट्या पहाटे गुलटेकडीच्या फूलबाजारात जाताना यजमानांची लग्नपत्रिका खिशात ठेवत असे. पोलिसांनी अडवलेच, तर दाखवायला तेवढाच पुरावा.

हे सगळे तुला अशासाठी सांगते, की हे लग्न पुढे ढकलणे म्हणजे काय, याचे दडपण त्या घरावर किती होते ते तुझ्या लक्षात यावे. ही तारीख हुकली, तर पुढे दोन महिने मुहूर्ताचे नाव काढायला नको होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सकाळी ग्रहमख, दुपारी हळद, संध्याकाळी सीमांतपूजन आणि मग संगीत असा भरगच्च दिवस होता. दहाच्या ठोक्याला मी साउंडवाल्याला थांबवले, कारण त्यानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. मुलाच्या मामांनी त्यावरून माझ्याशी वीस मिनिटे वाद घातला. शेवटी परभणीची मंडळी टाळ्या वाजवत गाऊ लागली आणि तो भाग सगळ्यात रंगला. पावणेअकराला मी रुखवताच्या खोलीत मानपानाच्या पिशव्या मोजत बसले होते. एकशे चाळीस हव्या होत्या, एकशे सदतीस भरत होत्या. तेवढ्यात ती आत आली. पायांत काही नव्हते, हातांत हिरवा चुडा, कानामागे हळद तशीच वाळलेली. दार लोटून घेऊन ती रुखवतातल्या पाटावर बसली आणि अगदी सरळ आवाजात तिने मला विचारले, "ताई, समजा उद्या लग्न झालं नाही, तर किती नुकसान होईल?"

नंदे, तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. असते, तर मी ओळखले असते. आदल्या रात्री निम्म्याअधिक नवऱ्या रडतात आणि त्यांचे काय करायचे ते तूच मला शिकवले आहेस: आधी ती शेवटची केव्हा जेवली ते विचारायचे, मग मावशा-आत्यांना दाराबाहेर ठेवायचे, मग दहीभात. हिने आकडा विचारला, आणि आकडा विचारला की माझे तोंड आपोआप चालू होते. हातातली पिशवी खाली न ठेवताच मी तिला सांगितले: जागेचे चार लाख, साडेसहाशे पानांचे करासह साडेसहा, फुले आणि मांडव चार, फोटो-व्हिडिओ दोन, साउंड आणि जनरेटर अर्धा, आणि माझे दोन. एकोणीस लाख.

कोणता आकडा सांगितला, ते तुझ्या लक्षात आलेच असेल.

तोंडी आकडा आणि वहीतला आकडा ही आपली दोघींची युक्ती. मावशींच्या गच्चीवर बसून आपण ती काढली, तेव्हा तिच्यात काही वाईट आहे असे आपल्याला वाटले नव्हते आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आजही मला ती सरसकट वाईट वाटत नाही. आदल्या दिवशी यजमान "अजून शंभर पाने वाढवा" किंवा "स्टेज त्या बाजूला घ्या" म्हणू लागले, की त्यांना घाबरवायला एक आकडा तोंडात तयार असावा आणि खरा आकडा वहीत असावा. पंधरा वर्षे त्या तोंडी आकड्याने मला सांभाळले आहे. तो इतका अंगवळणी पडला आहे, की समोर कोण आहे आणि का विचारते आहे, हे पाहण्याआधीच तो बाहेर पडतो.

वहीतला आकडा मी दुसऱ्या दिवशी रात्री काढला. तारीख बदलून घेतली असती, तर जागेचा मालक निम्मे पैसे पुढच्या तारखेत धरायला तयार झाला असता. बुडाले असते दोन लाख. आचाऱ्याचे दूध, भाजी आणि मजुरी धरून अडीच. तांदूळ, तूप, साखर आणि डाळी परत गेल्या असत्या. फुलांचे दीड, कारण झेंडू आणि निशिगंध मांडवाला चढलेले होते. फोटोवाल्याचे अर्धा, साउंडवाल्याचे पाव. एकूण पावणेसात लाख. आणि माझे दोन लाख माझ्याच हातात होते, ते नुकसानीत धरायचे की नाही हे ठरवणारी मीच. त्या मुलीच्या वडिलांना पावणेसात लाख जड गेले असते, पण घर विकावे लागले नसते. एकोणीस लाख ऐकल्यावर तिने काय काय विकून पाहिले असेल, कोण जाणे.

ती थोडा वेळ रुखवतातल्या लोकरीच्या बदकांकडे पाहत बसली. मग म्हणाली, "यात तुमचे किती म्हणालात?" मी म्हटले, दोन. "ते तर तुमच्या हक्काचे," असे म्हणून ती उठली. मी तिला दहीभात खायला लावला. तिने शहाण्या मुलीसारखा सगळा खाल्ला, वाटी स्वतः विसळून ठेवली आणि झोपायला गेली. मी पुन्हा पिशव्या मोजल्या. एकशे चाळीसच होत्या.

दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त दुपारी बारा वाजून सदतीस मिनिटांचा होता आणि अक्षता बारा सदतीसलाच पडल्या. या लग्नसराईत मिनिटावर साधलेला हा माझा एकुलता एक मुहूर्त. गुरुजींनी व्यासपीठावरून माझ्याकडे पाहून मान डोलावली, आणि मी, नंदे, सुखावले. सकाळी वेणी घालताना तिने मला विचारले होते, "मंगलाष्टकं किती मिनिटांची असतात?" मी सांगितले, साधारण अकरा. "अजून कुणाला म्हणायची असतील तर म्हणू द्या ना," असे ती म्हणाली. तिच्या तिन्ही आत्यांकडे घरी रचलेली मंगलाष्टके तयारच होती; प्रत्येकीत साऱ्या कुटुंबाची नावे चालीत बसवलेली, न बसलेली तरी कोंबलेली. मला वाटले, मुलगी हौशी आहे. वेळ साधावी म्हणून मी वरात पंधरा मिनिटे आधी आत घेतली आणि ती पंधरा मिनिटे आत्यांना दिली. आता वाटते, तिला अंतरपाटाच्या अलीकडे आणखी थोडा वेळ उभे राहायचे होते.

तुझा तो विनोद आठवतो का? 'सावधान' ऐकून रामदास मांडवातून पळाले खरे, पण मांडववाल्याचे उरलेले पैसे कोणी दिले? साताऱ्याला तू तो सीमांतपूजनाच्या मांडवात, सगळे संपल्यावर, रिकाम्या खुर्च्यांसमोर केला होतास, आणि मला इतका राग आला होता, की परतीच्या एसटीत कितीतरी वेळ मी तुझ्याशी बोलले नाही. २०११ च्या त्या रात्री तू त्या मुलीजवळ दोन वाजेपर्यंत बसलीस. तिला काही समजावले नाहीस, काही विचारलेही नाहीस, असे तूच नंतर सांगितलेस. पहाटे तिने वडिलांना बोलावून नको म्हटले. चारशे पानांचा स्वयंपाक आपण वसतिगृहात नेला, तू मुलांना बासुंदी वाढत होतीस, आणि मी भटारखान्याच्या पायरीवर बसून आपल्या चाळीस हजारांच्या शोकात सात जिलब्या खाल्ल्या. ते चाळीस हजार तू परत केलेस. मला न विचारता परत केलेस, हे मी अजून म्हणते आणि पुढेही म्हणेन. ती मुलगी पुढे सुखी झाली की नाही, हे ना तुला ठाऊक ना मला. त्यामुळे त्यात तू जिंकलीस असे मी आजही मानत नाही.

पण त्यानंतर तू आपल्या करारात जी ओळ घातलीस, तिच्याविषयी मला तुला काही सांगायचे आहे. वर किंवा वधूने स्वतः नकार दिल्यास आयोजक आपला मोबदला सोडून देतील, अशा अर्थाची ती ओळ होती. तू कोकणात गेलीस, त्याच्या पुढच्या वर्षी मी ती काढून टाकली. टंकलेखनात राहून गेली, असे मी तुला एकदा खोटे सांगितले होते. तशी वेळ पुन्हा कधी आलीच नाही, त्यामुळे ती नसल्याचा फरकही पडला नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. त्या रात्री ती ओळ करारात असती, तर निदान माझे दोन लाख तरी माझ्या तोंडून निघाले नसते, आणि "ते तर तुमच्या हक्काचे" हे वाक्य त्या मुलीच्या तोंडून मला ऐकावे लागले नसते.

पिंट्या म्हणतो, ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. आदल्या रात्री प्रत्येकीलाच असे होते. त्याचे खरे असेल. तिसऱ्या दिवशी तिचा निरोपही आला: "सगळं वेळेत झालं. थँक्यू ताई." फोटोवाल्याने विचारले होते, की परभणीकरांनी २६ तारखेला मतदान केल्यामुळे नवऱ्या मुलासकट सगळ्यांच्या बोटांवर शाई दिसते आहे, ती पुसून टाकू का. मी तिला विचारले, तर "राहू द्या, खरं आहे ते" असे तिने कळवले. आता 'खरं आहे ते' या तीन शब्दांवर मी दोन दिवस विचार करते आहे, यावरून माझी अवस्था ओळख. फोटोंमध्ये ती हसते आहे. फोटोंमध्ये सगळ्याच हसतात; तेवढ्यासाठीच आपण दोन लाख देतो.

मला जे छळते, ते ती सुखी आहे की दुःखी हे नव्हे. ते माझ्या हातात कधीच नव्हते. लग्न पुढे ढकलता येते, हे मला ठाऊक होते. २०२० च्या मार्चनंतर मी अकरा लग्ने पुढे ढकलली, त्यातली चार दोनदा. एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसे, एक सभागृह आणि दोन तास एवढ्यातच लग्न उरकायचे, नाही तर पन्नास हजारांचा दंड, असा सरकारचा हुकूम होता, आणि त्या दोन तासांत झालेली लग्नेही नांदताहेत. त्या वेळी आचाऱ्यांनी सामान परत घेतले, जागामालकांनी तारखा बदलून दिल्या, मीही आगाऊ रकमा परत केल्या. काही आकाश कोसळले नाही. हे सगळे मला पाठ असताना त्या पाटावर बसलेल्या मुलीला मी यातले एक अक्षर सांगितले नाही. मी तिला घाबरवले, जसे मी शंभर पाने वाढवू पाहणाऱ्या बापाला घाबरवते.

तुझ्याकडचे सगळे ठीक असेल. सासूबाई आता काठीशिवाय चालतात का? चिरंजीवांचा बारावीचा निकाल या महिन्यात लागेलच; काय लागेल तो लागो, त्याला माझ्याकडे मात्र पाठवू नकोस, इव्हेंट मॅनेजमेंटचे खूळ त्याच्या डोक्यात आहे असे तू लिहिले होतेस. शाळेच्या छपराचे काम झाले का, आणि यंदा आंबा कसा आहे, तेही कळव. तुझे पत्र समोर आहे; प्रत्येक प्रश्नाचे नीट उत्तर पुढच्या खेपेस देईन, हे मी गेल्या खेपेसही लिहिले होते.

आता कामाचे. १० तारखेला, अक्षय्य तृतीयेला, माझ्याकडे एक साखरपुडा आहे. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, फोटोंचा पेन ड्राइव्ह आणि शेवटचा हिशेब घेऊन मला त्या मुलीच्या माहेरी जायचे आहे. ती त्या दिवशी तिथे असणार आहे. वहीतले पान मी फाडून पाकिटात घातले होते, पुन्हा काढले, पुन्हा घातले. ते तिला दिले, तर माझे मन हलके होईल आणि तिच्या मनावर मी पावणेसात लाखांचे नवे ओझे ठेवीन. झालेल्या लग्नाची खरी किंमत तिला आता कळून काय होणार? आणि दिले नाही, तर तो तोंडी आकडा जन्मभर तिच्याकडे खरा म्हणून राहील. पिंट्याला हे विचारता येत नाही, घरात कोणाला कळणार नाही. तू काय करशील, ते बुधवारपर्यंत कळव. फोनच कर. मध्ये तोडलेस तरी चालेल.

तुझी,
सुमी

ता. क. करारातली ती ओळ मी परवा पुन्हा घालायला बसले. तीन वेळा लिहिली, तिन्ही वेळा तीत पळवाट राहिली. तुझ्याकडे जुनी प्रत असेल, तर ती शब्दशः उतरवून पाठव.