नमुना नेला, निकाल कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिंतूरला माझं छोटं मेडिकल आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लेकरांचा जीव घेणाऱ्या खोकल्याच्या सिरपची बातमी टीव्हीवर चालू होती, त्या आठवड्यात जवळच्या खेड्यातली एक आजी नातवाला कडेवर घेऊन दुकानात आली. पिशवीतून अर्धी उरलेली बाटली काढून तिनं काउंटरवर ठेवली. "भाऊ, टीव्हीवर दाखवायलेत ते हेच तर न्हाई ना?" लेबलवरची अक्षरं इतकी बारीक, की मलाच मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. ते नव्हतं. कंपनी वेगळी, औषधही वेगळं. आजीच्या जिवात जीव आला, पण जाता जाता म्हणाली, "आता बुधवारी सुई बी देत न्हाई म्या याला. काय भरोसा?"

त्या लेकराची दीड वर्षाची गोवरची सुई राहिली होती.

खोकल्याच्या औषधाचा आणि लसीचा काय संबंध, असं शहाणी माणसं म्हणतील. आजीच्या लेखी दोन्ही बाटल्याच, आणि दोन्हींवर सरकारनं 'चांगलं आहे' म्हणून सांगितलेलं. एक खोटी निघाली तर दुसरीवर विश्वास का ठेवायचा? हा प्रश्न मला अडाणीपणाचा वाटत नाही.

छिंदवाड्याला वीसहून जास्त लेकरं गेली. लघवी बंद, मूत्रपिंड निकामी. बरीचशी उपचाराला आपल्या नागपुरातच आणली होती. त्या सिरपची कांचीपुरमच्या कारखान्यातली एसआर-13 ही बॅच तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा तिच्यात 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. औषधात चालून जातं ते जेमतेम 0.1 टक्का. आणि त्याच सुमारास केंद्राचं आरोग्य खातं सांगत होतं की तपासलेल्या नमुन्यांत असं काही आढळलं नाही. त्यांनी तपासलेले नमुने वेगळे असतील, मान्य. पण घरी बातम्या बघणाऱ्या माणसानं दोन दिवसांत 'नाही' ऐकलं आणि लगेच 'आहे' ऐकलं.

डी. फार्मला असताना कायद्याच्या तासाला सरांनी जे. जे. रुग्णालयाची गोष्ट सांगितली होती. 1986, मुंबई. ग्लिसरीनमध्ये हेच विष, 14 रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं. चाळीस वर्षं होत आली, विष तेच आणि कारणही तेच: औषधासाठीचं शुद्ध द्रावक महाग, कारखान्यात वापरायचं स्वस्त, चवीला दोन्ही गोड. कच्च्या मालाचा प्रत्येक पिंप वापरण्याआधी तपासला तर हे होत नाही. तपासणीला फार मोठा खर्चही नाही.

लसीचं मात्र वेगळं आहे, आणि ते मी आजीला सांगायचा प्रयत्न केला. सिरप कारखानदार स्वतः तपासतो आणि बाजारात सोडतो. सरकार नंतर कधीतरी, कुठल्यातरी दुकानातून नमुना उचलतं. लसीच्या बॅचला बाहेर पडण्याआधी केंद्राच्या प्रयोगशाळेची, मुख्यतः कसौलीची, मंजुरी लागते. कुपीवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असला तर लस चांगली. उष्णता लागून गोलाइतका गडद झाला की टाकून द्यायची. हे नर्सबाई रोज बघतात. एखाद्या आईला कुपी हातात देऊन दाखवलेलं मी तरी पाहिलं नाही.

आजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या वरच्या गल्लीतल्या पोरीला काय झालतं?"

इथं माझी बोलती बंद झाली. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका तान्ह्या मुलीला सुई दिल्यावर रात्री ताप चढला आणि झटके आले. परभणीला नेली, बरी झाली, आज शाळेत जाते. तापानं असे झटके येऊ शकतात आणि बहुतेक वेळा मागे काही राहत नाही, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी माणसं आली, घरच्यांना प्रश्न विचारले, कागद भरून नेले. अशा घटनांसाठी जिल्ह्याला समिती असते, राज्याला असते, केंद्रालाही असते. पण त्या कागदाचं पुढं काय झालं ते घरच्यांना कुणी येऊन सांगितलं नाही. मग गल्लीनं आपला निकाल आपणच लावला: सुईनं झालं. त्या घरातल्या धाकट्याला एकही सुई दिलेली नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. नमुना जातो, कागद जातो, निकाल परत गावात येत नाही. माझ्या दुकानातून एकदा गोळ्यांचा नमुना रीतसर पावती देऊन नेला, त्याचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पास झाला असणार, नाहीतर पत्र आलं असतं, असं धरून चाललोय. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांत औषधच नव्हतं, हे लोकांना कळलं ते डिसेंबर 2024 मध्ये गुन्हा दाखल झाल्यावर. तोवर त्या कुणाकुणाच्या पोटात गेल्या असतील? वाळूजच्या एका मोठ्या औषध कारखान्याचा माल अमेरिकेनं 2013 मध्ये अडवला. त्यांचे निरीक्षक इथं येऊन काय दोष सापडले ते पत्रात लिहितात आणि ते पत्र जगाला वाचायला ठेवतात. आपल्या दाराशी असलेल्या कारखान्याची खबर आपल्याला वॉशिंग्टनहून यावी, याची कुणालाच लाज वाटत नाही.

सक्तीनं हे साधत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात कोरोनाच्या लसीचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय पेट्रोल आणि रेशन नाही, असा हुकूम निघाला. रांगा लागल्या, आकडा वाढला. विश्वास वाढला का, ते आशाताईंना विचारा. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणावर लसीची सक्ती करता येणार नाही, आणि त्याच निकालात लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदी लोकांना बघता येतील अशा ठेवा असंही सांगितलं. पहिलं वाक्य सगळ्यांच्या लक्षात आहे.

आम्ही दुकानदारही धुतल्या तांदळासारखे नाही. चिठ्ठीशिवाय सिरप मीही दिलंय. सर्दीची काही मिश्रणं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असं लेबलवर छापायला डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं गेलं. छापतात, इंग्रजीत, मुंगीएवढं. गिऱ्हाईक वाचत नाही, आणि गर्दीच्या वेळी आम्हीही सांगत नाही.

केंद्राची औषध संस्था दर महिन्याला नापास औषधांची यादी काढते, बॅच नंबरसकट. ती इंग्रजीत, संकेतस्थळावर पडून असते. ती मराठीत करून प्रत्येक मेडिकलमध्ये लावणं बंधनकारक करावं. आणि लसीनंतर कुठल्या लेकराला त्रास झाला तर समितीचा निष्कर्ष, मग तो लसीच्या बाजूनं असो की विरुद्ध, आईबापांच्या हातात मराठीत लेखी द्यावा. लेकराचं नाव न घेता उपकेंद्राच्या भिंतीवरही लावावा.

मी माझ्यापुरती सुरुवात केलीय. यादीतली जी औषधं आमच्या भागात चालतात, त्यांची नावं आणि बॅच नंबर पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून काउंटरशेजारी टांगतो. दोन डिस्ट्रिब्युटरांचे 'हे कशाला' म्हणून फोन येऊन गेले. परवा आजी परत आली होती, पुठ्ठ्याकडे बोट करून म्हणाली, "यात त्या पोरीचं काय लिव्हलंय?"

काही लिहिलेलं नाही. तो कागद अजून आलेला नाही.

आपला,
एक औषधविक्रेता
जिंतूर, जि. परभणी