आधी जाणारे ठरवा, मग येणारे

पुणे, जून २०२५

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर युरोपातल्या ट्रान्सफर विंडोवर (क्लबांना खेळाडू घ्यायला-विकायला मिळणारी ठरावीक मुदत) चांगलं अर्धं पान आलं होतं, आयपीएल संपल्या संपल्या फुटबॉलला एवढी जागा दिलीत त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण वाचून झाल्यावर एक गोष्ट खटकली आणि ती दोन-तीन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. त्या अर्ध्या पानात कोण येणार, किती कोटींना येणार, कोणाच्या मागे किती क्लब लागलेत हे सगळं होतं, पण कोण जाणार यावर एक ओळ नव्हती. आणि टीम नव्याने उभी करायची तर काम तिथून सुरू होतं हो. आधी घर रिकामं करायचं, मग फर्निचर आणायचं.

मी वानवडीत राहतो, दिवसा एका कंपनीत अकाउंट्स बघतो आणि आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी घोरपडीकडच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. मँचेस्टर युनायटेडचा सपोर्टर आहे, १९९९ ला बार्सिलोनातल्या चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये बायर्नविरुद्ध शेवटच्या मिनिटांत दोन गोल झाले तेव्हापासून, त्यामुळे यंदाचा सीझन कसा गेला असेल ते तुम्ही समजू शकता. ३८ मॅचमध्ये ४२ पॉइंट, १८ हरलो, गोल केले फक्त ४४ आणि टेबलमध्ये १५ वा नंबर. वर २१ मे ला बिल्बाओत युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून १-० अशी हरलो, म्हणजे पुढच्या वर्षी युरोपातली एकही स्पर्धा नाही. आता सगळे म्हणतायत स्ट्रायकर घ्या, गोलकीपर घ्या, हा घ्या तो घ्या. कुन्या तर १ जूनलाच ठरला, वुल्व्हजकडून ६ कोटी २५ लाख पौंडांना, आणि तो चांगला खेळाडू आहे यात वादच नाही, गेल्या सीझनला लीगमध्ये १५ गोल आहेत त्याचे. पण एक कुन्या आला म्हणजे रिबिल्ड झालं असं नाही.

यंदा पाऊस मे मध्येच आला, त्यामुळे ग्राउंडवर चिखल आणि प्रॅक्टिस निम्म्या वेळा शेडमध्येच. गेल्या मंगळवारी असंच सगळे शेडमध्ये अडकलो होतो, एक चौदा वर्षांचा पोरगा म्हणाला, "सर, एक भारी स्ट्रायकर घेतला की झालं ना?" मी म्हटलं चल मांडून बघू. शेडच्या कोब्यावर खडूने मैदान आखलं आणि प्रॅक्टिसचे प्लास्टिकचे कोन मांडले, युनायटेडचा कोच अमोरिम खेळवतो तशी ३-४-२-१, म्हणजे कीपरपुढे तीन, मग चार, मग दोन आणि वर एक. प्रत्येक कोनवर चिकटपट्टी लावून पेनाने नाव. ओनाना मागे, योरो, डी लिख्ट, लिसांड्रो मार्टिनेझ (तो फेब्रुवारीपासून गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर, म्हणून पोरांनी त्याचा कोन आडवा ठेवला), मधे कासेमिरो आणि उगार्ते, डावीकडे डोर्गू, उजवीकडे दालो की अमाद यावर दहा मिनिटं भांडण, पुढे ब्रुनो आणि नवा कुन्या, वर होयलुंड. मांडून झालं आणि त्या पोराच्या हातात चार कोन उरले. रॅशफर्ड, गार्नाचो, सँचो, अँटनी. तो उभा राहून मैदानाकडे बघत होता आणि मग म्हणाला, "सर, हे चार कुठे ठेवू?"

संपादक महाशय, हाच तो प्रश्न आहे, चौदा वर्षांच्या पोराला पाच मिनिटांत कळला. हे चौघेही विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणारे, आणि या पद्धतीत विंगरची जागाच नाहीये, बाहेरची पूर्ण पट्टी विंगबॅकने सांभाळायची आणि आतले दोघे स्ट्रायकरच्या मागे खेळणार. वाईट खेळाडू म्हणून नाही, अँटनी जानेवारीत स्पेनच्या बेतिसला लोनवर, म्हणजे तात्पुरता, गेला आणि तिथे त्या टीमबरोबर कॉन्फरन्स लीगच्या फायनलपर्यंत पोचला, म्हणजे पोरगा संपलेला नव्हता, जागा चुकीची होती. पण जागा नसलेले चार जण पगार मात्र घेणार, आणि ते हलले नाहीत तर नवीन विंगबॅकचे पैसे कुठून येणार? पोरांना मग मी सांगितलं की आता मैदानावर कुठे कुठे बदली माणूस नाही ते शोधा, तर डोर्गूच्या मागे भरवशाचं कोणी नाही, तो विशीचा, त्याच्यावर पूर्ण सीझनचं ओझं. होयलुंडच्या मागे झिर्कझी, आणि दोघांचे मिळून लीगमध्ये सात गोल. कासेमिरो ३३ चा. हे कळल्यावर मग नावं काढायला घ्यायची, त्याआधी नाही. तासभर गेला आमचा, पाऊस थांबलेला कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता पैशाचं, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि पेपरात तो कधीच नीट येत नाही. क्लब खेळाडू घेतो तेव्हा फी एकदम खर्चात पडत नाही, काँट्रॅक्टच्या वर्षांत वाटली जाते, जास्तीत जास्त पाच वर्षं. अँटनीला २०२२ ला आयाक्सकडून साडेनऊ कोटी युरोंना घेतला, पाच वर्षांचं काँट्रॅक्ट, म्हणजे दर वर्षाला १ कोटी ९० लाख. तीन वर्षं झाली, वहीत अजून ३ कोटी ८० लाख उभे आहेत. त्याच्यापेक्षा कमीला विकला तर जो फरक पडेल तो त्याच वर्षी तोटा म्हणून दिसणार, आणि प्रीमियर लीगचा नियम असा की तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नाही. उलट स्वतःच्या अकॅडमीतला पोरगा विकला तर त्याची किंमत वहीत जवळपास शून्य, आलेला पैसा सगळा नफा. म्हणून क्लबांना घरचीच पोरं विकायचा मोह होतो. गेल्या ऑगस्टमध्ये मॅकटॉमिने नापोलीला दिला अडीच कोटी पौंडांच्या आसपास, हिशेबात एकदम गोड वाटलं असणार, आणि त्या पोराने तिकडे जाऊन लीग जिंकली आणि इटलीतला सीझनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता कॉबी मेनूबद्दल तसंच काहीतरी कानावर येतंय. तो २० वर्षांचा आहे, घरचा आहे, मिडफिल्डमध्ये बॉल घेऊन वळू शकणारा आहे, त्याला विकून त्याच पैशात पंचविशीतला कोणीतरी आणायचा म्हणजे मला तरी अजिबात पटत नाही. शिवाय २५ च्या यादीत होमग्रोन (कोवळ्या वयात तिथल्याच क्लबांत तयार झालेले) नसलेले जास्तीत जास्त १७ चालतात, म्हणजे यादी पूर्ण भरायची तर ८ होमग्रोन लागतात, आणि ते आठ झाडाला लागत नाहीत.

ज्यांनी हे नीट केलं त्यांच्याकडे बघा. आर्सेनल २०२०-२१ ला आठवे आले, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा युरोपाशिवाय राहिले, म्हणजे आज युनायटेड आहे साधारण तसंच. ओझिलला त्याच वर्षी जानेवारीत मोकळं केलं होतं, वर्षभराने ऑबामेयांगलाही. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात जे सहा घेतले, बेन व्हाइट, ओडेगार्ड, रॅम्सडेल, टोमियासू, लोकोंगा, नुनो तावारेस, सहाच्या सहा २३ किंवा त्याहून लहान. सीझन सुरू झाला आणि पहिल्या तीन मॅच हरले, एक गोल नाही, नऊ खाल्ले, टेबलमध्ये सगळ्यात खाली. त्या आठवड्यात कोच अर्टेटाला काढा म्हणणारे किती होते आठवतंय का? क्लबने काढला नाही. त्या वर्षी पाचवे आले, पुढच्या वर्षी दुसरे. लिव्हरपूलने २०२३ ला पूर्ण मिडफिल्ड बदललं, पाच गेले, फॅबिन्यो आणि हेंडरसन सौदीला, मिल्नर, केटा, ऑक्स्लेड-चेंबरलेन काँट्रॅक्ट संपून, आणि चार आले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात फक्त किएझा घेऊन यंदा लीग जिंकली! पेपरांनी त्या उन्हाळ्यात लिव्हरपूलला झोपलेलं म्हटलं असेल, कारण दाखवायला नाव नव्हतं.

याला उलटं उदाहरणही आहे, ते सांगायला हवं. नॉटिंगहॅम फॉरेस्टने खालच्या डिव्हिजनमधून वर आल्यावर २०२२ च्या उन्हाळ्यात वीसहून जास्त खेळाडू घेतले, सगळे म्हणाले वेडे झालेत. टिकले ते, आणि यंदा तर सातवे आले. पण मधे हिशेबाच्या नियमात अडकून २०२४ ला चार पॉइंट कापले गेले आणि त्या वर्षी सतरावे राहून वाचले, थोडक्यात. इतक्यांना एकत्र खेळायला शिकवण्यात दोन वर्षं गेली त्यांची.

मला हे एवढं जवळचं का वाटतं ते सांगतो. ७ मार्च २०१८ ला मी बालेवाडीला होतो, आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटीची सेमीफायनल, बेंगलोरशी ०-०. आमच्या ग्राउंडवरची बारा पोरं घेऊन गेलो होतो, दोन रिक्षा आणि एक टेम्पो. मार्सेलिन्यो आणि अल्फारो पुढे, पोपोविच कोच. परतीची मॅच ३-१ हरलो, छेत्रीने तीनही गोल केले, पण त्या रात्री वाटलं होतं की आता पुण्याला एक टीम मिळाली. त्या क्लबचे पाच सीझन मोजा आणि कोच मोजा. कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, हबास, पोपोविच, मग मिगेल पोर्तुगाल, मग त्याच सीझनमध्ये फिल ब्राऊन. दर वर्षी नवीन कोच, नवीन पद्धत, आणि त्या पद्धतीला लागणारे नवीन परदेशी. पहिल्या वर्षी त्रेझेगे, पुढच्या वर्षी मुतू, मग सिसोको, नावं एकेक केवढी मोठी. एकच सीझन सेमीफायनलपर्यंत गेला आणि तोही कोच पुढच्या वर्षी नव्हता. २०१९ ला क्लब बंद झाला, जागा हैदराबादला गेली. हैदराबादने कोच मार्केझला तीन वर्षं ठेवलं, आकाश मिश्रासारखी विशीच्या आतबाहेरची पोरं खेळवली आणि २०२२ ला आयएसएल जिंकली. ती फायनल मी घरी बघितली, आणि खरं सांगतो, आनंद आणि वाईट वाटणं दोन्ही एकदम झालं.

आमच्या छोट्या टीमचंही तेच आहे, फक्त पैसे नाहीत एवढाच फरक. जिल्हा लीगच्या खालच्या डिव्हिजनला खेळतो आम्ही. दोन वर्षांपूर्वी रजिस्ट्रेशनच्या वेळी मी एकदम नऊ नवीन पोरं घेतली, एकेकटी बघितली तर जुन्यांपेक्षा चांगली होती. पण मागे बोलणारं कोणी उरलं नाही. कॉर्नर आला की कोण कोणाला धरणार हे ओरडून सांगणारा आमचा स्टॉपर मी बदलला होता, आणि कॉर्नरवर गोल खात राहिलो. गेल्या वर्षी त्याला परत बोलावलं. यंदा लेफ्ट बॅकला चाकणला नोकरी लागली, शिफ्ट ड्युटी, तो येऊ शकणार नाही, कीपर बारावीला. म्हणून यंदा फक्त दोघंच घेणार, त्या दोन जागांसाठी, बाकी कोणाला हात लावणार नाही. पोरांना ही यादी मी शेडच्या बोर्डावर लिहून दाखवली, आधी जाणारे, मग रिकाम्या जागा, मग नावं.

युनायटेडला यंदा एक संधी आहे जी कोणी बोलत नाही. गेल्या सीझनला सगळ्या स्पर्धा धरून ६० मॅच खेळले, येत्या सीझनला लीगच्या ३८ आणि दोन देशी कप, बस. म्हणजे तीस जणांचा तांडा लागत नाही, बावीस चांगले पुरतात आणि अमोरिमला पूर्ण आठवडा मिळतो शिकवायला, जो त्याला नोव्हेंबरमध्ये आल्यापासून मिळालाच नाही. लिंडेलॉफ, एरिक्सन, इव्हान्स महिनाअखेरीला काँट्रॅक्ट संपून जातायत. ते चार कोन हलले तर खरंच काहीतरी उभं राहील. ब्रुनोने सौदीचा पैसा नाकारून थांबायचं ठरवलं, त्याच्याभोवती तरी नीट बांधा एवढंच मागणं आहे.

तर विनंती अशी. आपल्या पानावर ट्रान्सफरची बातमी येईल तेव्हा फीबरोबर चार गोष्टी छापा, वय, काँट्रॅक्ट किती वर्षांचं, कोणाच्या जागी आला आणि त्याच्यासाठी कोण गेला. दोन ओळी लागतील. १० जूनला पहिली छोटी विंडो बंद झाली, सोमवारी १६ ला परत उघडतेय आणि १ सप्टेंबरला आपल्याकडे रात्री साडेअकराला बंद होईल, तोही सोमवारच. म्हणजे बारा सोमवार आहेत. दर सोमवारी एवढीशी चौकट दिलीत तर ती कापून शेडच्या बोर्डावर लावायची जबाबदारी त्या चौदा वर्षांच्या पोराने आत्ताच घेतलीये.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
वानवडी, पुणे