भाषा कळत नाही की लक्ष लागत नाही, हे आधी तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की काही मुलांच्या वहीत ‘लक्ष नाही’, ‘एका जागी बसत नाही’ असे शेरे येऊ लागतात. अलीकडे शेऱ्याबरोबर एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) हे नावही पालकांच्या कानावर घातले जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी. तास ज्या भाषेत चालतो, ती भाषा मुलाला कितपत कळते?

घरी फक्त मराठी ऐकलेले मूल थेट इंग्रजी किंवा कन्नड माध्यमाच्या पहिलीत बसले, तर ते खिडकीबाहेर बघणार, शेजाऱ्याला विचारणार, वही अर्धवट सोडणार. वरवर हे एडीएचडीसारखेच दिसते. फरक घरी तपासता येतो. मराठीत एक गोष्ट सांगून शेवटी चार प्रश्न विचारा. ‘चप्पल जागेवर ठेव, हात धू, डबा आण’ अशी तीन कामे एका दमात सांगा. लगोरीत किंवा कॅरममध्ये पाळी येईपर्यंत थांबते का, ते बघा. हे सगळे जमत असेल आणि अडचण फक्त कन्नड-इंग्रजीच्या तासालाच येत असेल, तर मुलाला भाषेची मदत द्या. मराठीतही हाच गोंधळ दिसला, तर मात्र ‘पुढच्या वर्षी कन्नड जमेल, मग बसेल’ म्हणत वर्षे घालवू नका. मोबाइलवर तासभर खिळून बसते म्हणून एडीएचडी नाही, असेही समजू नका. तिथे दर क्षणाला नवे काही मिळते, गणिताच्या वहीत तसे मिळत नाही.

निदानाचे निकष ठरलेले आहेत. दुर्लक्षाची ९ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची ९ लक्षणे असतात. त्यांपैकी कोणत्याही एका गटातली किमान ६ लक्षणे (१७ वर्षे व त्यापुढे ५) कमीत कमी ६ महिने, वयाच्या मानाने जास्त प्रमाणात दिसावी लागतात. काही लक्षणे १२व्या वर्षाआधीच दिसलेली असावीत, ती घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी असावीत आणि त्यांनी अभ्यासात किंवा माणसांशी वागण्यात खरी अडचण यावी. रक्ताची तपासणी किंवा एमआरआय करून हे ठरत नाही. दवाखान्यातल्या दहा मिनिटांतही ठरत नाही, कारण नव्या जागी चंचल मूलही गप्प बसते. म्हणून पालक आणि शिक्षक या दोघांनीही प्रश्नावली भरणे आवश्यक असते.

आणि आपल्याकडे नेमके इथेच चुकते. प्रश्नावली इंग्रजीत, आई मराठी वाचणारी, मग भलताच कोणीतरी अंदाजाने खुणा करतो. एडीएचडीसाठी वापरल्या जाणाऱ्या व्हँडरबिल्ट प्रश्नावलीत ‘कधीकधी’ला केलेली खूण लक्षण म्हणून मोजत नाहीत; ‘बऱ्याचदा’ आणि ‘अगदी वारंवार’ एवढ्याच खुणा मोजतात. अर्थ न कळता केलेल्या चार खुणांनी निदान फिरते. प्रत्येक प्रश्न मराठीत समजावून घेऊनच उत्तर द्या. शिक्षकांची प्रश्नावली शक्यतो दोघांनी भरावी: एक मराठी शिकवणारे, दुसरे कन्नड किंवा इंग्रजी शिकवणारे.

त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. वाढलेल्या टॉन्सिल-ॲडिनॉइडमुळे घोरणारे, झोप न झालेले मूलही दिवसा चिडचिडे आणि चंचल असते. रक्तक्षय, थायरॉइड, क्षणभर शून्यात बघायला लावणारी फिट, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) हेही पाहावे लागते. शांतपणे हरवून बसणाऱ्या मुलींकडे तर कुणाचे लक्षच जात नाही. त्या त्रास देत नाहीत, म्हणून निदानाविना राहतात.

कारणांबद्दल थोडक्यात. मुलामुलांतल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, शिशाचा संपर्क यांनी धोका वाढतो. लाडाने किंवा साखरेने एडीएचडी होत नाही. आईला दोष देणे थांबवावे.

सहा वर्षांखालील मुलांत सुरुवात पालकांच्या प्रशिक्षणाने होते: एका वेळी एकच सूचना, जमल्याबरोबर शाबासकी, अभ्यासाचे १०-१५ मिनिटांचे तुकडे. शिक्षा म्हणून मधली सुट्टी किंवा खेळाचा तास काढून घेणे हा सर्वांत वाईट उपाय. हालचालीची गरज याच मुलाला जास्त असते. सहानंतर गरजेप्रमाणे औषधाची जोड मिळते. मिथाइलफेनिडेट या औषधाची साधी गोळी अर्ध्या-एक तासात काम करू लागते आणि ३-४ तास टिकते. ती भूक मारते, म्हणून नाश्ता करून द्यावी. उशिरा दिली तर झोप उडते. अॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ते बंद करणारे पालक पुष्कळ आहेत. औषध चालू असताना वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांची नियमित नोंद हवी. घराण्यात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. स्मरणशक्तीच्या टॉनिकवर पैसे घालवू नका.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. दोन्ही पुष्कळदा एकत्र असतात. त्यामुळे अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या, आणि ती मूल ज्या भाषेत शिकले त्याच भाषेत व्हावी, असा आग्रह धरा. परीक्षेतल्या सवलतींची कागदपत्रे आठवी-नववीतच हाती घ्यावीत, दहावीच्या वर्षी धावपळ होते.

धारवाडची डिमहान्स आणि बेंगळुरूची निमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्था आहेत. पहिली चौकशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास करता येते. मिथाइलफेनिडेट सगळ्या दुकानांत मिळत नाही. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. गोळी कुठल्या दुकानात मिळेल, हे डॉक्टरांच्या खोलीतून निघण्यापूर्वीच विचारून घ्या. गावाकडच्यांनी गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नवी चिठ्ठी घ्यावी.

— बालविकास व विशेष शिक्षण क्षेत्रात काम करणारे, बेळगाव