मोठ्या निर्णयांमागची कारणेही छापावीत

महोदय,

तंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रमुखांनी घेतलेल्या मोठ्या निर्णयांच्या बातम्या उद्योगविषयक पानांवर नेहमी वाचायला मिळतात. अमुक कंपनी विकत घेतली, तमुक उत्पादन बंद केले, इतके हजार कर्मचारी कमी केले, आणि सोबत त्या प्रमुखाचे छायाचित्र व त्याच्या दूरदृष्टीचे वर्णन. हा निर्णय कसा झाला, त्याला आतून कोणी विरोध केला होता का, आणि तो चुकला तर मागे घेण्याची सोय ठेवली आहे का, याबद्दल मात्र बहुतेक बातम्यांत अवाक्षर नसते. अंबड औद्योगिक वसाहतीत पीसीबी असेंब्लीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांवर सुटे भाग जोडून देण्याचे, जॉबवर्क करणारा लघुउद्योजक म्हणून मला ही उणीव फार जाणवते, कारण निर्णय दूरच्या मुख्यालयात होतो आणि बँकेचे हप्ते इथे आम्ही फेडत बसतो.

संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलचे उदाहरण व्याख्यानांतून वारंवार दिले जाते, पण ते अर्धेच सांगितले जाते. १९६८ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी मेमरी चिपच्या जोरावर उभी राहिली आणि पुढे जपानी कंपन्यांच्या स्वस्त व दर्जेदार मालापुढे त्याच धंद्यात तिची पीछेहाट झाली. १९८५ मध्ये इंटेलचे अध्यक्ष अँड्र्यू ग्रोव्ह यांनी सहसंस्थापक व मुख्य कार्यकारी गॉर्डन मूर यांना विचारले की, संचालक मंडळाने आपल्याला घालवून नवा माणूस आणला तर तो काय करील? तो मेमरीतून बाहेर पडेल, असे मूर यांनी सांगितले. तेव्हा मग ते काम आपणच का करू नये, असा ग्रोव्ह यांचा पुढचा प्रश्न होता. हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. मला मात्र त्याच्या आधी जे घडले ते अधिक मोलाचे वाटते. इंटेलच्या कारखान्यांत कोणत्या चिपसाठी किती वेफर (ज्यांवर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) द्यायचे हे प्रत्येक वेफरमागे सुटणाऱ्या नफ्यावरून ठरत असे. मायक्रोप्रोसेसरमध्ये, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपमध्ये, पैसा अधिक सुटत असल्यामुळे उत्पादनाचे नियोजन करणारी मधल्या फळीतली माणसे मेमरीचा वाटा हळूहळू कमी करीत गेली होती. मेमरी हीच आपली ओळख आहे असे धरून वरिष्ठांमध्ये वाद चालू होता, तोवर कारखान्याने आपल्या परीने निर्णय जवळजवळ घेऊन टाकला होता, आणि ग्रोव्ह यांनी पुढे हे मोकळेपणाने मान्यही केले. प्रमुखाचे श्रेय मी नाकारत नाही; कारखान्याच्या आकड्यांत काय दिसते आहे ते पाहण्याची त्यांची तयारी होती, हे श्रेय मोठेच आहे.

दुसरा मुद्दा मागे फिरण्याचा. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ च्या वार्षिक पत्रात निर्णयांचे दोन प्रकार केले आहेत. काही निर्णय एकदा घेतले की मागे घेता येत नाहीत. ते सावकाश आणि पुष्कळ सल्लामसलत करून घ्यावेत. बाकीचे, म्हणजे बहुतेक सगळे, चुकले तर बदलता येतात, म्हणून ते झटपट घ्यावेत. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०११ मध्ये डीव्हीडी भाड्याने देण्याची सेवा वेगळ्या नावाने वेगळी काढण्याचे जाहीर केले आणि ग्राहकांचा रोष पाहून महिन्याच्या आत ते रद्द केले. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये नोकियाचा मोबाइल व्यवसाय ताब्यात घेतला, तेव्हा परतीची अशी वाट नव्हती. पुढच्याच वर्षी सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत दाखवावे लागले आणि ७,८०० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. या दोन घटनांना एकाच मापाने धाडस म्हणणे मला पटत नाही.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाने पुढील तीन वर्षे काम वाढणार असल्याचे आम्हाला तोंडी सांगितले. पीओ, म्हणजे लेखी खरेदी-आदेश, हातात नसताना मी कर्ज काढून बोर्डावर सुटे भाग बसवणारे पिक अँड प्लेस मशीन घेतले. सात महिन्यांनी मुख्यालयाने ते उत्पादनच बंद केले आणि आम्हाला तीन ओळींचा ई-मेल आला. ते मशीन दीड वर्ष गाळ्याच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली उभे होते, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला त्याचा हप्ता जात होता. मला अधिक टोचले ते वेगळेच. हे मशीन आपण का घेतले, याचे उत्तर शोधायला बसलो तेव्हा माझ्याकडे कागदावर एक ओळही नव्हती. ॲमेझॉनमध्ये बैठकीच्या आरंभी सर्वजण सहा पानांचे लेखी टिपण शांतपणे वाचतात आणि मगच चर्चा होते, हे मी नंतर वाचले. सहा पाने मला जमत नाहीत, पण तेव्हापासून कोणतीही मोठी खरेदी करण्याआधी मी एक पान लिहून सुपरवायझरला वाचायला देतो. दोनदा त्यांनी हरकत घेतली आणि दोन्ही वेळा मी थांबलो.

आपल्याच नाशिक विभागातल्या अमळनेरचे उदाहरणही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तेलाच्या धंद्यावर सुरू झालेल्या आणि पुढे विप्रो म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीची सूत्रे १९६६ मध्ये, वडिलांच्या निधनानंतर, एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजी यांच्याकडे आली. आयबीएम ही अमेरिकन संगणक कंपनी भारतातून गेल्यानंतर विप्रो संगणकाकडे वळली, पण तेलाचा धंदा बंद करून नव्हे. नव्या क्षेत्रात अपयश आले असते तरी जुना धंदा हाताशी होता. या निर्णयाची हकिकत सांगताना तेलाचा उल्लेख केवळ गंमत म्हणून येतो, हे मला खटकते.

म्हणून माझी आपणास विनंती आहे की, अशा निर्णयाची बातमी देताना कंपनीने कोणती कारणे दिली, कोणाचा विरोध होता आणि पुरवठादार व कामगारांवर त्याचा कोणता भार पडणार आहे, हेही विचारून छापावे. तसेच घोषणेच्या दिवशी जितकी जागा दिली जाते तितकीच जागा एका वर्षानंतर, तो निर्णय कुठवर आला हे सांगण्यासाठी राखून ठेवावी.

आपला,
एक लघुउद्योजक, अंबड, नाशिक