वृंदे, हे तुलाच कळेल

मुंबई, मंगळवार रात्र

प्रिय वृंदे,

इकडे सगळे बरे. बाबांची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठ अधूनमधून धरते, ते जाऊ दे. आज साइटवर जे झालं ते घरी सांगितलं, तर अभय म्हणाला, "प्लास्टरच निघालं ना?" म्हणून तुला लिहायला बसले. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

बँडस्टँडचा तो बंगला. शाहरुख दिसेल म्हणून तू मला मन्नतसमोर भर उन्हात ताटकळत ठेवलं होतंस आणि मी तोवर पलीकडच्या ज्या बंगल्याचे कठडे वहीत उतरवत होते, तोच. नवीन मालकांनी घेतलाय आणि दुरुस्तीचं काम आमच्याकडे आलंय. तू तेव्हा म्हणाली होतीस, "मेधे, तू दगडांशीच लग्न कर." अभयला हे अजून सांगितलेलं नाही.

समुद्राकडच्या भिंतीवर मागे कधीतरी कुणी सिमेंटचं प्लास्टर चढवलंय. सखाराम मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं, तर बद्द आवाज. छिन्नी लावली आणि परातीएवढा पापुद्रा एकदम सुटून खाली आला. मागे मालाड दगड, पण पार पिठासारखा झालेला. बोट फिरवलं की पिवळी भुकटी, आणि वर पांढराशुभ्र लोणा. मिस्त्रींनी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थुंकून म्हणाले, "मीठच आहे, मॅडम." तिथून दोन हातांवर, जुन्या भिंतीतल्या कपाटाच्या मागे, जिथे सिमेंट पोचलंच नव्हतं, तिथला मूळ चुन्याचा गिलावा मात्र खणखणीत. घोटाई इतकी सुरेख की टॉर्च मारला तर चकाकला. तीच भिंत, तोच खारा वारा. मी तिथे उभी राहून रडले, आणि मिस्त्रींनी पोरांना चहाला पाठवून दिलं.

आता खरी गोष्ट. मालक माणसं वाईट नाहीत ग. आजींना जिना चढवत नाही, त्यांना लिफ्ट हवी. ती मागच्या नोकरांच्या जिन्याच्या जागेत व्यवस्थित बसते. वायरिंग नवं, बाथरूम नवी, स्वयंपाकघर मोठं, सगळं मी आनंदाने काढून दिलं. सागवानी तुळयांची टोकं तपासली, कुजलेली तेवढीच बदलतोय. पण त्यांच्या इंटिरियरवाल्यांनी नवा नकाशा आणलाय. समुद्राकडचा सबंध व्हरांडा काचेने बंद करायचा, झडपांची दारं काढून टाकायची, खाली फॉल्स सीलिंग मारून घरभर एसी फिरवायचा. म्हणजे वरचे व्हेंटिलेटर सीलिंगच्या आड गाडले जाणार. त्या नकाशावर माझी सही हवी आहे, गुरुवारी.

तुला हे सांगायला नको, पण सांगते, कारण मालकांसमोर मला हेच बोलायचंय. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो आणि यांना घरात हवेत २२. बाहेरून दमट हवा दगडात शिरणार आणि आतल्या गार बाजूला तिचं पाणी होणार. चुना ते पाणी शोषतो आणि हवा लागली की सोडून देतो. पण आतून प्लास्टिकचा रंग आणि पॅनेलिंग आल्यावर पाणी सोडायला जागाच कुठली? मग मीठ भिंतीतच विरघळणार, सुकताना तिथेच त्याचे खडे होणार आणि दगड आतून फुटत जाणार. आज तो पापुद्रा निघाला तेव्हा मला या घराची पुढची तीस वर्षं दिसली. व्हरांडा हा त्या भिंतींचा छत्री-रेनकोट आहे. ऊन आणि झड तोच अंगावर घेतो, म्हणून आतल्या खोल्या टिकल्या.

कायद्याने मला फारसं अडवता येणार नाही. बंगला हेरिटेज यादीत ग्रेड तीनमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीत आहे, आणि नियमावलीत त्या श्रेणीला बदलाची बरीच मोकळीक आहे. समजावूनच जमायला हवं.

आणि इथे तुझं-माझं मेहरांगीरचं भांडण डोक्यात फिरतं. २०१४ ला होमी भाभांचा बंगला ३७२ कोटींना लिलावात गेला तेव्हा मी म्हणत होते, संग्रहालय करा. तू म्हणालीस, घरात माणूस राहिलं तरच घर टिकतं, आर्किटेक्ट बॅटलीने १९३६ ला बॅरिस्टर जिनांसाठी बांधलेलं जिना हाउस बघ, वर्षानुवर्षं कुलूप. दिवाळीपर्यंत आपण बोललो नव्हतो! २०१६ ला मेहरांगीर पाडला तेव्हा पहिला फोन तुझाच आला. तो वाचायला हवा होता, हे मी आजही म्हणेन. पण राहणारं माणूस हवं, हे तुझं म्हणणं मला या कामात रोज पटतं. इथे राहायला माणसं आली आहेत आणि त्यांना हौसही आहे. तुझी बाजू आणि माझी बाजू एकाच नकाशावर येऊन बसली आहे, आणि मला झोप नाही.

मी मधला मार्ग काढलाय, बघ पटतो का. एसी फक्त आतल्या झोपायच्या खोल्यांना, तोही २५-२६ वर. यंत्रं बाथरूमच्या बाजूच्या बोळात, जिथे छत आधीच ठेंगणं आहे. दिवाणखाना आणि व्हरांडा उघडाच, पंखे आणि वर व्हेंटिलेटर चालू. झडपा सागवानात दुरुस्त करायच्या, पावसाळ्यात त्या मिटल्या की झड अडते. आतून सगळीकडे चुनाच. पण त्यांना सोफ्याची आणि चित्रांची काळजी आहे. खाऱ्या हवेत ती खराब होतात, हेही खरंच. चित्रं आतल्या खोलीत हलवा म्हणेन. समुद्र दिसणाऱ्या भिंतीवर चित्र लावायचा हट्ट का, हे मात्र मला कळत नाही.

ऐकलं नाही तर? मी सोडलं तर दुसरा कुणीतरी सही करेल, आणि त्याला मालाड दगड आणि टाइल यातला फरकही माहीत नसेल. राहिले तर काच माझ्या सहीने लागेल.

राधाची दहावी कशी चाललीय? आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? कुडाळच्या घराची पन्हाळ बसवून घे पावसाच्या आत, मागच्या वर्षी नुसतीच म्हणत राहिलीस.

आणि एक काम कर. त्या देवगडच्या वाड्यात तू सिमेंट उतरवून चुना केला होतास, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच भिंतीचे फोटो काढले होतेस, कोरडी ठणठणीत. ते आधीचे-नंतरचे दोन्ही फोटो पाठव. माझं बोलणं ऐकून मालक मान हलवतात, पण आजी फोटो बघून ठरवतील, आणि त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो. मीटिंग गुरुवारी अकराला आहे. बुधवारी रात्रीपर्यंत मिळाले तर मी छापून नेईन. आणि सही करू की नको, ते फोनवर सांग, या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
मेधा